नफा, लाज आणि दैवी शिक्षा यांवर प्राचीन ग्रीकांच्या कोणत्या म्हणी आहेत?

सर्वांत जुनी ग्रीक कवी हेसिओडची, इ.स.पूर्व 700 च्या सुमाराची: ‘वाईट मार्गाने कमवू नकोस, वाईट कमाई म्हणजे सर्वनाशच.’ लाजेबद्दल तोच म्हणतो की ती माणसाचं भलंही करते आणि नुकसानही. गरजवंताला ती परवडत नाही. मला हे फार खरं वाटतं.

शिक्षेची म्हण तर आपल्या ‘देवाच्या काठीला आवाज नसतो’ची सख्खी बहीण: ‘देवांची जाती उशिरा दळतात, पण बारीक दळतात.’

या तिन्ही गोष्टी ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सांगितलेल्या ग्लाउकसच्या कथेत एकत्र येतात. स्पार्टा नगरातल्या या नावाजलेल्या सज्जनाकडे मिलेटस या दुसऱ्या ग्रीक नगरातल्या एकाने पैसे ठेवले. पुढे त्याची मुलं ठेव मागायला आली, तर हा म्हणे, आठवत नाही! वर डेल्फीला, म्हणजे जिथे देवाचा कौल मिळे त्या देवळात, जाऊन विचारलं, खोटी शपथ घेऊन पैसे लाटू का? उत्तर आलं: आज फायदा होईल, पण शपथेला एक निनावी मूल असतं, त्याला हात नाहीत, पाय नाहीत, तरी ते धावत येऊन सगळं घराणं गिळतं. ग्लाउकसने घाबरून माफी मागितली. पण विचारणं आणि करणं सारखंच, असं त्याला सुनावलं गेलं. त्याने पैसे परत केले, तरीही स्पार्टात त्याचा एकही वंशज उरला नाही.