पोरगा पोलिसात नाही गेला, ताई!

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

प्रश्न : माझा मुलगा शिकायला कॅनडात गेला होता, न्यूफाउंडलंड म्हणून प्रांत आहे तिकडे, सेंट जॉन्स गावात. आता त्याला तिथल्या सरकारच्या 'जस्टिस अँड पब्लिक सेफ्टी' खात्यात ऑफिसमधलं काम मिळालं, कॉन्ट्रॅक्टवर. मी वाडीत पेढे वाटले तर सगळे म्हणायला लागले पोरगा पोलिसात गेला. कोणी म्हणतं कोर्टात क्लार्क झाला. आमचे भावोजी म्हणाले, अगो ते जेलचं खातं, सांभाळून राहायला सांग त्याला. पोराला फोनवर विचारलं तर म्हणतो, आई सगळंच आहे. आता सगळंच म्हणजे काय ते तुम्हीच सांगा.
(एक वाचक भगिनी, गुहागर तालुका)

उत्तर : ताई, पोराने बरोब्बर सांगितलंय, आणि तुमचे भावोजीही अगदीच चुकीचे नाहीत, जेल त्याच खात्याकडे आहे. पोलीस, जेल, सरकारी वकील, कोर्टाची इमारत आणि कारकून वर्ग, कोर्टाचा हुकूम बजावणारे शेरीफचे लोक, गुन्ह्यात नुकसान झालेल्यांना मदत करणारं ऑफिस, एवढं सगळं एका मंत्र्याखाली. आपल्याकडे हेच काम मंत्रालयात दोन खात्यांत वाटलेलं आहे, गृह आणि विधी व न्याय. म्हणून वाडीत कोणालाच नीट सांगता येईना, आपल्याकडे त्या नावाचा दरवाजाच नाही ना.

तिकडे एकच खातं का, तर माणसंच किती! पूर्ण प्रांत, लॅब्राडोर नावाचा त्याचा दुसरा भाग धरून, क्षेत्रफळाने आपल्या महाराष्ट्रापेक्षा मोठा आणि लोकसंख्या साधारण पाच लाख, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षाही कमी. एवढ्याशा लोकांसाठी दोन-दोन मंत्री आणि दोन-दोन सचिव कशाला.

गुन्ह्याचा कायदा मात्र तो प्रांत करत नाही, तो ओटावाचा, म्हणजे तिकडच्या केंद्र सरकारचा, सगळ्या कॅनडाला एकच. प्रांताकडे तो राबवायचं काम. आपल्याकडे पोलीस आणि तुरुंग राज्याच्या यादीतले विषय, फौजदारी कायदा मात्र केंद्र आणि राज्य दोघांच्या सामाईक यादीत, म्हणून तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता वगैरे तीन नवे कायदे दिल्लीहून आले आणि ते शिकायला लागले आपले इथले हवालदार.

पोलिसांची गंमत वेगळीच आहे. सेंट जॉन्समध्ये आणि अजून एक-दोन भागांत प्रांताचं स्वतःचं पोलीस दल आहे, रॉयल न्यूफाउंडलंड कॉन्स्टॅब्युलरी, जुनं दल, आणि १९९८ पर्यंत त्यांचा साधा पोलीस कमरेला पिस्तूल लावत नव्हता. बाकी गावागावांत चक्क केंद्राचे पोलीस, आरसीएमपी, करारावर घेतलेले, खर्चाचे ७० टक्के प्रांत देतो आणि ३० टक्के केंद्र. म्हणजे समजा आपल्या राज्याने सीआरपीएफला सांगितलं की गुहागर-दापोलीची रोजची पोलीस ठाणी तुम्हीच चालवा, बिल आम्ही भरतो. आपल्याकडे असं ऐकलं तरी विधानसभा डोक्यावर घेतील.

जेलचं पण वाटप आहे. दोन वर्षांच्या आतली शिक्षा असेल तर प्रांताचं जेल, दोन वर्षं किंवा जास्त असेल तर केंद्राचं. सेंट जॉन्समधलं मोठं जेल १८५९ सालचं, तळ्याच्या काठावर, त्याला अजून पेनिटेन्शरी या तुरुंगाच्या जुन्या इंग्रजी नावानेच ओळखतात. आपल्याकडे जन्मठेप असो की दोन महिने, सगळं राज्याच्याच कारागृह विभागाकडे.

आता मला त्या खात्यातलं जे खरंच आवडलं ते सांगतो. पोटगी. तिकडे कोर्टाने पोटगीची ऑर्डर केली आणि ती या खात्याकडे नोंदवली की वसुलीचं काम बाईचं राहत नाही, खात्याचं होतं. नवऱ्याच्या पगारातून परस्पर कापून घेतात आणि हिच्याकडे पाठवतात. मी कोर्टाच्या नोकरीत आयुष्य काढलं, इकडचं चित्र सांगायला नको. ऑर्डर हातात असलेली बाई परत वसुलीचा अर्ज करते, मग नोटीस, मग वॉरंट, नवरा मुंबईत नाहीतर गोव्यात, वॉरंट बजावणी न होता परत, पुढची तारीख, तोवर शाळेची फी तुंबलेली, एसटीचं भाडं वेगळंच, आणि वकील म्हणतो आता अजून एक अर्ज टाकू. चार हजारांच्या पोटगीसाठी सहा हजार खर्च झालेल्या बायका मी बघितल्यात. ऑर्डर करून कोर्ट मोकळं होतं, बजावणी पोलिसांच्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली. आपण परदेशातून काय काय नको ते उचलतो, हे एक उचललं असतं तर बरं झालं असतं.

आणि ताई, खात्याच्या नावात 'जस्टिस' आहे म्हणून जज्जसाहेब मंत्र्याच्या हाताखाली असं कोणी म्हणालं तर खोडून काढा. खातं खुर्च्या, कागद, माणसं पुरवतं, निकाल नाही. तिकडच्या सुप्रीम कोर्टाचे, म्हणजे प्रांताच्याच मोठ्या कोर्टाचे जज्ज तर ओटावा नेमतं आणि पगारही तेच देतं. तुमच्या पोराला बहुतेक फायली, नोंदी, फोन हेच काम असेल. पेढे वाटलेत ते बरंच केलंत, परत मागू नका.

प्रश्न : आमच्या छोट्या होडीचं जाळं ट्रॉलरवाल्यांनी कापलं, बोलायला गेलो तर बघून घेतो म्हणाले. पोलीस ठाण्यात गेलो तर सांगतात हे मत्स्यव्यवसायचं काम, मत्स्यव्यवसायच्या ऑफिसात गेलो तर म्हणे मारामारी-धमकीचं पोलिसांचं. किनाऱ्यावरचे सांगतात समुद्रातलं सागरी पोलिसांचं. नक्की आमचा समुद्र कोणाकडे?
(एक मच्छीमार वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : दादा, तुमचा समुद्र खरंच तीन-चार जणांकडे आहे, आणि तुम्हाला टोलवणाऱ्या प्रत्येकाकडे अर्धं खरं होतं, चीड त्याचीच येते.

मासे कोणी, कुठे, कसल्या जाळ्याने मारायचे हे मत्स्यव्यवसाय खातं बघतं, १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली. ट्रॉलर त्याच्या हद्दीत नव्हता, मासे ओढायला एलईडी दिवे लावून होता, बंदीच्या काळात म्हणजे १ जून ते ३१ जुलैमध्ये बाहेर होता, असली तक्रार तिकडेच. पूर्वी दंडाची सुनावणी तहसीलदारांपुढे चालायची, २०२१ च्या दुरुस्तीनंतर ती मत्स्यव्यवसायच्या अधिकाऱ्याकडेच आली, त्यामुळे 'तहसीलला जा' असं कोणी म्हणालं तर तो जुनं सांगतोय.

पण जाळं मुद्दाम कापणं आणि धमकी देणं हा गुन्हा आहे, तो पोलिसांचा, मग तो जेट्टीवर होवो की पाण्यात. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत आपले सागरी पोलीस, त्यांच्यापुढे तटरक्षक दल. दखलपात्र गुन्हा, म्हणजे कोर्टाला न विचारता पोलिसांना तपास करता येतो असा, असेल तर 'हे आमच्या हद्दीत नाही' म्हणून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर घेऊन मग तो योग्य ठाण्याला पाठवायचा, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तर हे लिहूनच ठेवलंय. घेतलाच नाही तर त्याच कलमाखाली जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज, पोस्टाने, पोचपावतीचं, आणि तिथेही काही हाललं नाही तर मॅजिस्ट्रेटपुढे. तोंडी भांडून परत येऊ नका, तुमच्यासारखी निम्मी माणसं तिथेच थकतात. जाळ्याचे फोटो, होडीचा नंबर, वेळ, जीपीएस असेल तर पॉइंट, खरेदीचं बिल, सगळं त्याच दिवशी जमवा. दोन वेगळे अर्ज करा, एक मत्स्यव्यवसायला, एक पोलिसांना, एकाच कागदावर दोन्ही रडगाणी गायली की दोघंही तो कागद दुसऱ्याकडे सरकवतात.

पाण्यात असतानाच काही झालं तर सागरी सुरक्षेसाठी १०९३, जीव वाचवायचा असेल तर तटरक्षक दलाचा १५५४, जमिनीवर नेहमीचं ११२.

वरच्या ताईंच्या न्यूफाउंडलंडमध्येही हाच घोळ आहे बरं का. तिकडे समुद्रातला मासा केंद्राचा. १९९२ मध्ये कॉड मासा संपत आला म्हणून ओटावाने मासेमारी बंद केली आणि हजारो घरं एका फटक्यात बसली. नदी-तळ्यात चोरून सामन-ट्राउट मासे मारणाऱ्यांना पकडायला मात्र प्रांताचेही अधिकारी जातात. आपल्याकडे गृहखात्याला समुद्र आठवतो तो वेगळ्याच कारणाने. १९९३ मध्ये श्रीवर्धनजवळ शेखाडीला आरडीएक्स उतरलं, २००८ मध्ये मुंबईत दहशतवादी बोटीनेच आले, मग सागरी पोलीस ठाणी, स्पीडबोटी. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरला एके-४७ असलेली रिकामी बोट लागली तेव्हा आख्खा जिल्हा जागा झाला होता (इंजिन बिघडलेली परदेशी बोट निघाली ती). बंदूक दिसली की सगळे धावतात, कापलेलं जाळं कोणाला दिसत नाही, तुमची तक्रार मुळात ही आहे आणि ती रास्त आहे.

जाता जाता एक, दाभोळ-धोपावेसारख्या फेरीबोटींना परवानगी देणारा मेरीटाइम बोर्डही गृहखात्याच्याच छत्रीखाली येतो. आरटीओ आणि दारूबंदीवाले पण. त्यामुळे आपलं गृहखातंही काही फक्त पोलीस नव्हे.

प्रश्न : भावकीचा जमिनीचा दावा बारा वर्षं चालू आहे, नुसत्या तारखा. गृहमंत्र्यांना तीन पत्रं पाठवली, तिसऱ्याची पोच आली. पुढे काय करू? माझं वय ७४.
(एक ज्येष्ठ वाचक, राजापूर)

उत्तर : काका, चौथं पत्र पाठवू नका. दिवाणी दाव्याशी गृहखात्याचा काडीचा संबंध नाही, आणि विधी व न्याय खात्याला लिहिलंत तरी ते कोर्टाला 'हा दावा आधी घ्या' असं सांगू शकत नाहीत, सांगूही नये. वकिलांना म्हणावं वयाचा दाखला जोडून लवकर सुनावणीचा अर्ज त्याच कोर्टात द्या. फेटाळला तर हायकोर्ट, आणि आता त्यासाठी मुंबई गाठायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्याच्याकडेच आहेत.

भाऊबंद अजून एका पंगतीला बसत असतील तर लोकअदालत बघा. तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते आणि त्यावर अपील नाही, म्हणजे तुमच्या पुतण्यांना पुन्हा बारा वर्षं काढता येणार नाहीत. वकिलाची फी जड जात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, नंबर १५१००. २००७ साली आर. आर. पाटील गृहमंत्री असताना तंटामुक्त गाव मोहीम निघाली होती, तुमच्या गावात तशी समिती अजून जिवंत असेल तर बसवून बघा, पण तिथे झालेली तडजोड नुसती तोंडी ठेवू नका, दाव्यात दाखल करून घ्या.

आणि ती मंत्र्यांची पोच. पत्र पोचलं, एवढाच तिचा अर्थ. कोर्टाच्या फायलीला मात्र ती लावू नका, जज्जसाहेबांना वाटेल काका वशिला दाखवतायत.