वाचक विचारतात: गावातल्या कलाकारांची दारे दोन दिवस उघडी ठेवायची तर

प्रश्न १. सप्रेम नमस्कार. आमचे गाव कुडाळ तालुक्यात, रेल्वे स्टेशनापासून रिक्षाने अर्ध्या तासावर आहे. गावात एक कुंभाराचे घर, गणपतीची एक शाळा (म्हणजे मूर्ती घडवण्याची जागा), लाखेच्या खेळण्यांचे काम करणारे एक कुटुंब, सुपे-रोवळ्या विणणाऱ्या दोन बहिणी आणि निवृत्तीनंतर मुंबईहून परतलेले दोन चित्रकार आहेत. माझी भाची इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ राहते. तिकडे दर मे महिन्यात कलाकार आपापल्या घरचे स्टुडिओ लोकांसाठी उघडतात आणि लोक नकाशा घेऊन घरोघर फिरतात, असे तिने सांगितले. असे काही आमच्या गावात शनिवार-रविवार धरून करता येईल का? मंडळातल्या काहींचे म्हणणे असे की, त्यापेक्षा प्राथमिक शाळेच्या पटांगणात स्टॉल लावावेत.
— एक वाचक, जि. सिंधुदुर्ग

उत्तर. करता येईल, आणि पटांगणातल्या स्टॉलचा मोह टाळूनच करावे. स्टॉलवर खेळणे दिसते, ते कसे झाले हे दिसत नाही. लाखकाम करणाऱ्याच्या पडवीत उभे राहिले की फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकलेली दिसते, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर लाल पट्टा चढतो, आणि मग केवड्याचे पान धरले की त्याच पट्ट्याला चकाकी येते. हे सारे जेमतेम दोन मिनिटांचे काम आहे, परंतु ते पाहिलेला माणूस त्या भोवऱ्याची किंमत जास्त आहे असे पुन्हा म्हणत नाही. आपल्या शेजारच्या पिंगुळीतही हेच आहे. चित्रकथीसाठी, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या कलेसाठी, २०२१ मध्ये पद्मश्री मिळालेले परशुराम गंगावणे यांच्या कुटुंबाने घरच्या गोठ्याचे संग्रहालय केले, आणि लोक ते पाहायला त्यांच्या अंगणात जातात. घरे उघडण्याचे दुसरे उदाहरण पाचगणीजवळच्या भिलारचे आहे. तिथे मे २०१७ मध्ये पंचवीस ठिकाणी, त्यांतली बरीच राहती घरे, वाचकांसाठी पुस्तके ठेवली गेली. अर्थात भिलारच्या पाठीशी शासन होते, आणि पुस्तकाला चहा विचारावा लागत नाही. चहाकडे मी पुढे येतोच.

पहिली अडचण तारखेची येईल. गणपतीची शाळा खऱ्या अर्थाने भरलेली असते ती आषाढ-श्रावणात, जेव्हा यजमान आपापले पाट मूर्तिकाराकडे पोहोचवू लागतात. पण त्याच दिवसांत कुंभाराचे काम थंड असते, कारण मडके वाळत नाही आणि आवा (मडकी भाजायची भट्टी) पेटत नाही. डिसेंबरचा शेवट घ्यावा तर मालवण-तारकर्लीच्या गर्दीत गाडीचे तिकीट मिळत नाही आणि रिक्षाही मिळत नाही. मला विचाराल तर माघी गणेश जयंतीच्या आधीचा शनिवार-रविवार धरावा. ही चतुर्थी जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीही येते. आपल्या मूर्तिकाराकडे माघी गणपतीची चार-दोन जरी कामे असली, तरी शाळा ओस दिसणार नाही, आणि नसली तर निदान डोळ्यांची आखणी कशी करतात एवढे त्यांना दाखवता येईल. मात्र पत्रिका छापण्यापूर्वी दोन गोष्टींची खात्री करून घ्यावी. एक म्हणजे आपल्या आणि लगतच्या गावांच्या जत्रांची. दुसरी म्हणजे आंगणेवाडीची. भराडीदेवीची जत्रा ठरलेल्या तिथीला होत नाही, तिची तारीख देवीचा कौल घेऊन ठरते आणि ती बहुधा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पडते. त्या दिवशी तुमच्या गावात पाहुणे तर येणार नाहीतच, गावकरीसुद्धा सापडणार नाहीत.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे घरांचा क्रम. काही वर्षांपूर्वी एका गावी अशाच उपक्रमाची आखणी करण्यात माझा हात होता, आणि आम्ही साहजिक वाटणारी चूक केली. मोठ्या रस्त्याला लागून ज्यांचा बंगला होता, त्या चित्रकारांना पहिला क्रमांक दिला आणि तिथून आत आत जात व्हाळापलीकडच्या (ओढ्यापलीकडच्या) कुंभाराला आठवा. लोक पहिल्या घरी तासभर रमले, दुसऱ्या-तिसऱ्या घरी खरेदी केली, जेवायला थांबले, आणि ऊन कलताच गाडीत बसून निघून गेले. कुंभारदादांकडे शनिवारी दिवसभरात अकरा माणसे आली, आणि त्यांतली तीन वाट चुकलेली होती. ते काही बोलले नाहीत, पण रविवारी सकाळी त्यांनी चाक झाकून ठेवले ते ठेवलेच.

म्हणून आपण उलटे करावे. गाड्या देवळाच्या किंवा शाळेच्या पटांगणात थांबवाव्यात, तिथून पाहुण्यांना रिक्षाने थेट सर्वांत दूरच्या घरी सोडावे आणि परतीची वाट पायी ठेवावी. कुंभार आणि सुपे विणणाऱ्या बहिणी पहिल्या, लाखकाम व गणपतीची शाळा मध्ये, आणि रस्त्याकडेचे चित्रकार शेवटी. गाडीकडे परतताना त्यांचे दार आपोआप लागते, तेव्हा त्यांचे नुकसान होत नाही. सकाळी माणसाचे पाय ताजे असतात, पाकीटही भरलेले असते, आणि या दोन्हींचा लाभ ज्याला एरवी कोणी विचारत नाही त्याला मिळाला पाहिजे. चित्रकारांपैकी एखादे नाराज होतील. त्यांची समजूत सरपंचांनी नव्हे, दुसऱ्या चित्रकाराने घालावी.

पायवाट एकूण दोन-अडीच किलोमीटरपेक्षा लांब नसावी आणि घरे सात-आठांहून अधिक नसावीत. खुणेसाठी फ्लेक्स लावू नयेत. कुंभाराकडूनच प्रत्येक घरासाठी एक मडके घडवून घ्यावे, त्यावर चुन्याने ठसठशीत आकडा काढावा आणि ते बांबूवर पालथे घालून बेड्याशी, म्हणजे आवाराच्या फाटकाशी, उभे करावे. चिऱ्याच्या तांबड्या गडग्यांमध्ये पांढरा आकडा लांबून दिसतो, आणि उपक्रमाचे पहिले गिऱ्हाईक कुंभाराला मंडळाकडूनच मिळते.

आता चहा. आपल्याकडे खळ्यात आलेल्या माणसाला पाणी विचारल्याशिवाय राहवत नाही, आणि पाण्यामागोमाग चहा येतोच. त्याच गावी लाखकामाच्या घरातल्या वहिनींनी पहिल्या दिवशी दुपारपर्यंत साठ कप चहा केला. गंमत अशी की, त्या घरातले रंगकाम आणि चकाकीचे काम वहिनींच्याच हातचे होते, म्हणजे लोक जे पाहायला आले होते ते करणारी व्यक्ती स्वयंपाकघरात दूध उतू जाऊ नये म्हणून उभी होती. तेव्हापासून मी एक नियम कटाक्षाने सुचवतो: कोणत्याही घरी चहा-सरबत द्यायचे नाही, तसे नकाशावर नम्रपणे छापायचे, आणि वाटेच्या मध्यावर महिला बचत गटाने एकच मांडव घालून तिथे चहा, सोलकढी आणि घावणे पैसे घेऊन द्यायची. घरापुढे पाण्याची घागर व पेला ठेवला की पुरे. नियम मंडळाचा आहे म्हटले की घरच्या माणसांना संकोच वाटत नाही.

बाकीच्या बाबी थोडक्यात सांगतो. ग्रामसभेत विषय मांडून ग्रामपंचायतीचे पत्र घ्यावे आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवावे. शाळेची स्वच्छतागृहे वापरण्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीची संमती आधीच घ्यावी, कारण दिवसभर पायी फिरणाऱ्या स्त्रियांना तीच सोय सर्वांत आधी लागते. मोबाइलची रेंज आत वाडीत जाते-येते, तेव्हा क्यूआर कोडवर विसंबू नये, प्रत्येक घरी हजारभर रुपयांची मोड ठेवावी. खर्चासाठी विक्रीवर टक्केवारी लावू नये. टक्केवारी आली की हिशेब आला, आणि हिशेबापाठोपाठ संशय. त्याऐवजी पाहुण्यांकडून नकाशाचे पन्नास-शंभर रुपये घ्यावेत. छपाई, रिक्षा आणि मांडवाचा खर्च त्यातून बव्हंशी निघतो. शनिवारी रात्री देवळात दशावतारी नाटक ठेवता आले तर मुक्कामाला राहणारे रविवारीही दिसतील.

प्रश्न २. आम्ही दोघी बहिणी बांबूकाम करतो. गावात असा उपक्रम होणार आहे आणि आमचेही नाव त्यात आहे. लोक घरी येऊन घासाघीस करतील आणि नमुन्यांचे फोटो काढून नेतील, याची धास्ती वाटते. दाराशी आलेल्या माणसाला नाही कसे म्हणायचे?
— एक वाचक भगिनी

उत्तर. धास्ती रास्त आहे. बाजारात घासाघीस करणाऱ्याकडे पाठ फिरवता येते, स्वतःच्या पडवीत ते जड जाते. यासाठी प्रत्येक वस्तूला आधीच किमतीची चिठ्ठी बांधावी आणि पैसे घेण्याचे काम तुम्ही स्वतः करू नये. मंडळाकडे एक कार्यकर्ता मागावा, शक्यतो कॉलेजात जाणारी गावातली मुलगी. भाव कमी करण्याचा अधिकार तिला नसतो, त्यामुळे बोलणे तिथेच संपते आणि तुमचे हात विणकामात राहतात. तयार मालाबरोबर एक अर्धवट विणलेली रोवळी आणि शेजारी तासलेल्या बेळांची (बांबूच्या पट्ट्यांची) जुडी अवश्य ठेवा. किती वेळ लागतो हे सांगण्यापेक्षा ते दिसलेले बरे.

फोटोचे म्हणाल तर सरसकट बंदी पाळली जात नाही. काम करतानाच्या हातांचे फोटो खुशाल काढू द्यावेत, पण जे नमुने फक्त तुमच्या घरचे आहेत ते त्या दोन दिवसांत माजघरातच ठेवावेत. उंबरठ्याच्या आत कोणालाही येऊ देऊ नये. पडवीपर्यंतच पाहुणे, हे मंडळाने नकाशावर छापलेले असावे.

प्रश्न ३. आमच्या गावात असा उपक्रम जाहीर होताच रांगोळी, केक, भरतकाम, मोबाइलवरची छायाचित्रे अशी तेवीस नावे आली. कोणाला वगळावे?
— एक कार्यकर्ता

उत्तर. वगळण्याचा निर्णय गावातल्या कोणाकडेही ठेवू नये, त्यातून पिढ्यान्‌पिढ्यांचे अबोले सुरू होतात. एक कसोटी आधी लिहून काढावी: पाहुणा आला असता ती व्यक्ती स्वतःच्या घरी, स्वतःच्या हाताने, ते काम करत बसलेली असेल काय, आणि दोन्ही दिवस सकाळी दहा ते सायंकाळी पाच बसेल काय? हा दुसरा भाग वाचूनच निम्मी नावे मागे घेतली जातात, असा माझा अनुभव आहे. उरलेल्यांत तरीही गर्दी झाली, तर बाहेरगावच्या एखाद्या कलाशिक्षकांना बोलावून त्यांच्याकडून निवड करून घ्यावी आणि त्यांना त्याच संध्याकाळच्या गाडीने परत पाठवावे. केक करणाऱ्या ताईंना मात्र नाही म्हणू नका. त्यांना बचत गटाच्या मांडवात जागा द्या.