कोडिंग शिकताना आणि शिकवताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बी.कॉम. झालोय. सध्या एका कोडिंग स्कूलमध्ये पायथन शिकतोय. व्हिडिओ बघताना सगळं कळतं, पण कोरी फाइल उघडली की काहीच सुचत नाही. (एक वाचक, सांगली)

उत्तर : व्हिडिओत सगळे निर्णय शिकवणाऱ्याने आधीच घेतलेले असतात, म्हणून ते सोपं वाटतं. व्हिडिओ संपला की बंद करा आणि तोच प्रोग्राम न बघता लिहा. अडलात तर तेवढाच भाग बघा, पुन्हा बंद करा. दुसऱ्या दिवशी त्यात एखादी अट स्वतःच्या मनाने वाढवा.

तुम्ही कॉमर्सचे आहात, तर बिलाचाच प्रोग्राम घ्या : किंमत आणि नग विचारायचे, 18 टक्के जीएसटी लावायचा, एकूण रक्कम छापायची. आधी पायऱ्या वहीत मराठीत लिहा, मग कोड. हा प्रोग्राम कुठे फसतो तेही सांगतो. इनपुटमधून आलेली प्रत्येक गोष्ट पायथनला मजकूर वाटते, आकडा नव्हे. किंमत 250 आणि नग 3 दिले आणि फक्त नगाचं इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकात, रूपांतर केलं, तर गुणाकार 750 येत नाही, 250250250 येतो. त्या ओळीवर एररसुद्धा येत नाही, कारण मजकुराला 3 ने गुणणं म्हणजे तो तीनदा लिहिणं, असंच पायथन समजतो. पुढची खोच पैशांची. फ्लोटमध्ये, म्हणजे पायथनच्या नेहमीच्या दशांश आकड्यांत, 0.1 आणि 0.2 यांची बेरीज 0.30000000000000004 दिसते. म्हणून हिशेब रुपयांऐवजी पैशांत, म्हणजे पूर्णांकांत ठेवा किंवा पायथनचा अचूक दशांश प्रकार, डेसिमल, वापरा.

लाल अक्षरं आली की घाबरून खिडकी बंद करू नका. पायथनची एरर खालून वर वाचायची : शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते, त्याच्या वर कोणत्या ओळीत ते.

प्रश्न : ‘आता काही भरू नका, नोकरी लागल्यावर पगारातून फी द्या’ असं एक स्कूल म्हणतंय. मुलीला घालावं का? (एक पालक, नाशिक)

उत्तर : करार वाचल्याशिवाय सही नको. टक्केवारी एकूण पगारावर आहे की हातात येणाऱ्या रकमेवर, किती पगारापासून सुरू होते, जास्तीत जास्त किती रक्कम द्यावी लागेल आणि कोर्स मध्येच सोडला तर काय, ही चार उत्तरं कागदावर हवीत. पुष्कळदा ‘फी’ म्हणून जे सांगतात ते एखाद्या वित्तसंस्थेचं कर्ज असतं. त्याचा हप्ता नोकरीची वाट बघत नाही, आणि चुकला की सिबिल स्कोअर मुलीचा घसरतो. कर्ज असेल तर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. वार्षिक खर्चाचा खरा दर त्यात असतो.

प्रश्न : कोर्स संपला, आता स्कूलने मला नव्या बॅचची मेंटॉर व्हायला सांगितलंय. मलाच अजून सगळं येत नाही. (एक वाचक, पुणे)

उत्तर : सगळं येण्याची गरज नाही. पॅरिसमध्ये 2013 साली सुरू झालेल्या ‘फॉर्टी टू’ या शाळेत तर नेहमीसारखे शिक्षकच नाहीत. विद्यार्थी एकमेकांचं काम तपासतात. नुकतंच शिकलेल्याला कुठे अडतं ते ताजं आठवत असतं, तो फायदाच आहे.

मात्र विद्यार्थ्याचा कीबोर्ड हातात घ्यायचा नाही. नव्या मेंटॉरचं नेमकं इथेच बिघडतं : दोन मिनिटांत आपण दुरुस्त करून देतो, आणि पुढच्या वेळी तो पुन्हा आपल्याकडेच येतो. आधी विचारा : काय व्हायला हवं होतं, काय झालं, काय करून पाहिलंस?

समजा, मूळ यादी सुरक्षित राहावी म्हणून एकाने ‘नवी = जुनी’ असं लिहिलं, नवीत एक नाव जोडलं आणि ते जुनीतही दिसायला लागलं. उत्तर सांगू नका. विचारा, ‘या ओळीनंतर याद्या किती झाल्या?’ तो म्हणेल, ‘दोन.’ मग आयडी फंक्शनने दोन्हींचे ओळख क्रमांक छापायला लावा. तोच आकडा दोनदा बघितला की, यादी एकच आणि नावं दोन, हे त्याचं त्यालाच उमगतं. त्यानंतर यादीची वेगळी प्रत करणारी कॉपी मेथड दाखवा.

कोड तपासताना एका वेळी दोन-तीनच शेरे द्या. वीस दिले तर एकही धड वाचला जात नाही. ‘तू चुकलास’ नको, ‘यादी रिकामी असली तर ही ओळ काय करेल?’ असं लिहा. चॅटबॉटने लिहिलेला कोड आणणारेही भेटतील. ओरडण्यात अर्थ नाही. मधल्या कोणत्याही ओळीवर बोट ठेवून ती काय करते ते विचारा. सांगता आलं नाही, तर तेवढा भाग पुन्हा लिहायला लावा.

एखाद्या प्रश्नाचं उत्तर तुम्हालाही येत नसेल, तर त्याच्यासमोरच अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडा आणि शोधा. कसं शोधायचं हेही तो त्यातूनच शिकतो.

हो, आणि होकार देण्याआधी आठवड्याचे तास, विद्यार्थ्यांची संख्या आणि मानधन ईमेलवर लेखी घ्या. ‘अनुभव मिळेल’ एवढ्यावर सहा महिने फुकट राबवून घेण्याचे प्रकार या क्षेत्रात कमी नाहीत.