सर्दी-ताप नुकताच उतरलाय, तरी समुद्र बघायचाय: नाशिकहून कसं जावं

ताप जाऊन दोन दिवस झालेत, नाक चोंदलेलं, थोडा खोकला आणि अशक्तपणा आहे. डिसेंबरातले चार दिवस हाताशी आहेत, दिवेआगर-श्रीवर्धन करायचंय आणि गाडी तुम्हीच चालवणार आहात. जावं का, असं तुम्ही विचारलंय.

जा, पण दिवेआगर या वेळी नको. कसारा, भिवंडी, पनवेल, माणगाव हा रस्ता एका बाजूला सात-आठ तास घेतो आणि त्यातला बराच वेळ ट्रकांच्या मागे जातो. त्याऐवजी त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, चारोटीमार्गे डहाणू गाठा. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. बोर्डीत एकाच घरी तीन रात्री राहा, रोज मुक्काम बदलू नका. डहाणू ते बोर्डी हा नरपड-चिखले-घोलवडचा पट्टा जेमतेम सतरा-अठरा किलोमीटरचा आहे. चिकूच्या वाड्या आणि सुरूची बनं बघत तो दोन दिवस पुरवून फिरता येतो.

एक अट मात्र पाळा. पॅरासिटामॉल न घेता सलग 24 तास ताप आलेला नसेल तरच निघा. गोळीने दबलेला ताप घाटात पुन्हा चढू शकतो.

खरी कसोटी समुद्रावर नाही, उतारावर लागते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे आणि त्र्यंबक त्याहून उंच. मोखाड्याकडे उतरताना हवेचा दाब वाढत जातो. चोंदलेल्या नाकामुळे कानाची नळी उघडत नाही, म्हणून कानात दडे बसतात, कधी कळही येते. आवंढे गिळत राहा, आल्याची वडी चघळा. नाक दाबून जोरात फुंकू नका, शेंबूड मधल्या कानाकडे ढकलला जातो. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब त्र्यंबक सोडायच्या आधी नाकात घातले तर उतारभर बरं पडतं. पण ते तीन-चार दिवसांपलीकडे वापरले तर नाक उलट जास्त चोंदतं. रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

औषधांत सगळ्यात जास्त चूक होते ती सर्दीच्या मिश्र गोळीची. तिच्यात बहुधा पॅरासिटामॉल आणि क्लोरफेनिरामाइन दोन्ही असतात. वर वेगळी पॅरासिटामॉल घेतली की मात्रा नकळत दुप्पट होते, आणि क्लोरफेनिरामाइनने डोळ्यांवर झापड येते. गाडी चालवायच्या दिवशी ती गोळी नकोच. रात्री घेतलेल्या गोळीची गुंगीही सकाळी उरू शकते. गाडी लागते म्हणून घेतल्या जाणाऱ्या प्रोमेथाझिनचंही तेच. गोळी घेणं भागच असेल तर चाक सोबत्याच्या हाती द्या.

पहाटे निघू नका. त्र्यंबककडे धुकं असतं आणि गार हवेने खोकला उसळतो. नऊला निघा, दर पाऊण तासाने थांबा. एसी 25-26 वर ठेवा, झोत तोंडावर नको. आतलीच हवा फिरवणारं बटण बंद ठेवा, नाहीतर बंद काचांत सुस्ती येते. टाकी नाशिकलाच भरा.

खाली उतरलात की दुपारी घाम येतो आणि दमटपणात लवकर वाळत नाही, त्यामुळे अशक्तपणा जास्त जाणवतो. ओआरएसचं एक लिटरसाठीचं अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात घाला (अर्धं पाकीट पेल्यात टाकून अंदाज चुकतो) आणि ते 24 तासांत संपवा. शहाळं चालेल, ताडी नको. घरमालकांना आदल्या दिवशीच मऊ भात, वरण, तूप सांगून ठेवा. तिखट मासळी तिसऱ्या दिवशी, भूक नीट लागली तर. किनाऱ्यावर ऊन कलल्यावर जा आणि अंधार पडायच्या आत परता. बोर्डीला ओहोटीत पाणी खूप आत जातं, त्यामागे वाळूत चालत गेलं की परतीला पाय भरून येतात. गाडी वाळूत उतरवू नका. रुतली तर ढकलायची ताकद आत्ता तुमच्यात नाही.

ताप पुन्हा आला आणि सोबत अंगदुखी, उलट्या किंवा अंगावर लाल ठिपके दिसले तर डेंग्यूची शंका धरा. आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन टाळा, थेट डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात जा. वाटेत जव्हारलाही सरकारी रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेसाठी 108.

परतताना जेवून दुपारी निघायचा मोह होतो, पण मोखाड्याचा चढ अंधारात आणि गारठ्यात येतो. सकाळीच निघा, आणि जव्हारपर्यंत थकवा आला तर रात्र तिथेच काढा.