थंडीत गॅलरीतले बजी

प्रश्न : निफाडला आमच्या गॅलरीतल्या पिंजऱ्यात चार बजी (छोटे रंगीत पोपट) आहेत. डिसेंबरात पहाटे पारा ७-८ अंशांवर येतो. रात्रभर बल्ब लावावा का?

उत्तर : बल्बआधी वारा अडवा. पिसांत अडकलेली हवा हीच बजीची रजई, आणि झुळूक नेमकी तीच उडवते. पिंजरा भिंतीला टेकवा. मागून, दोन्ही बाजूंनी आणि वरून गोणपाट किंवा जाड चादर लावा, समोरून वीतभर उघडं ठेवा. सगळीकडून प्लास्टिक गुंडाळलंत तर सकाळी आत थेंब ओघळतात आणि ओली पिसं ऊब धरत नाहीत. कपाटातली चादर धुऊन, उन्हात टाकूनच वापरा. डांबरगोळ्यांची वाफ पक्ष्यांना घातक असते.

उजेडाच्या बल्बाने झोप मोडते. हवाच तर बिनउजेडाचा सिरॅमिक हीटर, थर्मोस्टॅटसह, पिंजऱ्याबाहेर एकाच टोकाला, कापडापासून फूटभर दूर लावा. उकडलं तर पक्षी दुसऱ्या टोकाला सरकतील. आधी खोक्यावर वाचा: टेफ्लॉनचा लेप असेल तर नको. कोळशाची शेगडी तर अजिबात नको.

लोखंडी दांडी काढून १२ मिलिमीटर जाडीची लाकडी बसवा. राळे-बाजरी संध्याकाळी पोटभर मिळू दे. घरटी-मडकी मात्र काढा, थंडीत मादीचं अंडं अडकतं.

रात्री फुगून बसणं ठीक. पण ऊन वर आल्यावरही पक्षी फुगलेला, तळाशी बसलेला, शेपूट श्वासागणिक हलतेय, तर त्याला घरात २८-३० अंशांत ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवा.