जेसन.पार्स कधी चालतं, कधी "अनएक्स्पेक्टेड टोकन" देतं: आधी आलेला मजकूर डोळ्यांनी बघा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: ब्राउझरच्या फेच फंक्शनने सर्व्हरकडून डेटा मागवता, आलेल्या जेसनला (डेटा लिहायचा एक मजकुरी साचा) जेसन.पार्स करून त्यातून जावास्क्रिप्टच्या व्हॅल्यू बनवता, बऱ्याचदा चालतं आणि मधूनच "अनएक्स्पेक्टेड टोकन" म्हणून उडतं. चालतं तेव्हाही तारखेची स्ट्रिंग होऊन येते, लांबलचक आयडीचे शेवटचे आकडे बदललेले असतात, म्हणून आता पार्सर बदलून एखादी लायब्ररी टाकू का असं विचारताय.

नका टाकू. जेसन.पार्स डिसेंबर २००९ च्या ईएस५ पासून (जावास्क्रिप्टच्या प्रमाणाची पाचवी आवृत्ती) भाषेतच आहे, इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी ते रगडलंय की त्यातला बग नेमका तुम्हालाच सापडेल याची शक्यता फार कमी. मी पण सुरुवातीला हेच केलं होतं हो, लायब्ररी बदलली, एरर तीच, फक्त तिचे शब्द बदलले.

आधी ती मधूनच येणारी एरर. मेसेज नीट वाचा, त्यात कुठलं अक्षर खटकलं ते लिहिलेलं असतं आणि बहुतेक वेळा निम्मं उत्तर तिथेच मिळतं. खटकलेलं अक्षर < असेल आणि पोझिशन ० असेल तर सर्व्हरने जेसन पाठवलेलंच नाही, एचटीएमएल पाठवलंय, आणि हे < म्हणजे त्या पानाच्या पहिल्या ओळीतलं पहिलं अक्षर. कधी तो ४०४ चा नाहीतर ५०० चा एरर पेज असतो. फेचचा स्वभाव असा आहे की ४०४ किंवा ५०० आला तरी तो प्रॉमिस रिजेक्ट करत नाही, म्हणजे फसलं असं कळवत नाही, रिक्वेस्टच पूर्ण होऊ शकली नाही तरच कळवतो, त्यामुळे तुमचा कॅच शांत बसून राहतो आणि एरर पुढे पार्समध्ये फुटते.

पण "कधी चालतं कधी नाही" हे लक्षण असेल तर माझा पहिला संशय लॉगिनवर जाईल. सेशन संपलं की बरेच सर्व्हर लॉगिनच्या पानाकडे रीडायरेक्ट करतात, फेच ते रीडायरेक्ट गुपचूप फॉलो करतो, लॉगिनचं पान व्यवस्थित २०० स्टेटसने येतं, म्हणजे तुम्ही रिस्पॉन्सचा ओके तपासलात तरी तो खराच निघणार, आणि हातात येतो एचटीएमएल. म्हणून स्टेटसच्या जोडीला कंटेंट-टाइप हेडर पण बघा, त्यात अ‍ॅप्लिकेशन/जेसन नसेल तर पार्सच्या वाटेला जाऊच नका.

बाकीची अक्षरं पटकन सांगतो. "अनएक्स्पेक्टेड एंड" म्हणजे मजकूर रिकामा आहे किंवा अर्धवट तुटलाय, डिलीट केल्यावर सर्व्हर २०४ देतो त्यात बॉडी नसतेच आणि आपण सवयीने पार्स करायला जातो. टोकन ओ, पोझिशन १ ही माझी सगळ्यात आवडती, कारण ती बघून काहीच कळत नाही: तुम्ही आधीच पार्स झालेला ऑब्जेक्ट पुन्हा पार्सला दिलाय, त्याची स्ट्रिंग होताना "[ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट]" असं झालं, चौकोनी कंस पार्सरला चालला कारण अ‍ॅरे तसाच सुरू होतो, पुढचा ओ मात्र चालला नाही. (नवे ब्राउझर आता तो खटकलेला मजकूरच मेसेजमध्ये दाखवतात, त्यामुळे हे कोडं जरा सुटलंय.) पीएचपी असेल आणि वॉर्निंग स्क्रीनवर छापणं चालू राहिलं असेल तर जेसनच्या आधी त्या वॉर्निंगचा मजकूर चिकटून येतो. आणि नोडमध्ये (ब्राउझरबाहेर चालणारं जावास्क्रिप्ट) फाइल वाचताय, मजकूर अगदी बरोबर दिसतोय, तरी पोझिशन ० ला बोंब, तर फाइलच्या सुरुवातीला न दिसणारं बीओएम (बाइट ऑर्डर मार्क, एन्कोडिंगची खूण) बसलेलं असतं, काही एडिटर ते सेव्ह करताना घालतात. आरएफसी ८२५९ मध्ये, म्हणजे जेसनच्या इंटरनेट प्रमाणात, नेटवर्कवरून पाठवायच्या जेसनला बीओएम लावू नये असं स्पष्ट म्हटलंय, पण एडिटरला कोण सांगणार.

हे सगळं शोधायचा एकच उपाय मी करतो आणि तो फार साधा आहे. रिस्पॉन्सवर थेट जेसन() मारायचं नाही, आधी टेक्स्ट() ने मजकूर घ्यायचा, मग ट्राय-कॅचमध्ये जेसन.पार्स, आणि कॅचमध्ये यूआरएल, स्टेटस, कंटेंट-टाइप आणि मजकुराची पहिली २०० अक्षरं लॉग करायची. फक्त लॉगमध्ये लॉगिनचं टोकन नाहीतर कोणाची खाजगी माहिती जात नाही ना ते बघा. आधी जेसन() आणि ते फसल्यावर टेक्स्ट() असं जमत नाही, बॉडी एकदाच वाचता येते, दुसऱ्यांदा "आधीच वाचलीय" म्हणून वेगळी एरर मिळते आणि मग माणूस त्या दुसऱ्याच एररच्या मागे लागतो.

आता जे चालतंय पण चुकीचं येतंय त्याकडे वळू, कारण खरा त्रास तिथे आहे. एरर निदान ओरडते तरी.

जेसनमध्ये किती प्रकारच्या गोष्टी मावतात ते बघा: स्ट्रिंग, नंबर, ट्रू-फॉल्स, नल, अ‍ॅरे, ऑब्जेक्ट. संपलं. जेसन मांडणारे डग्लस क्रॉकफर्ड यांनी तो मुद्दाम इतका छोटा ठेवला, कॉमेंटसुद्धा काढून टाकल्या, कारण लोक कॉमेंटमध्ये पार्सरसाठी सूचना लिहायला लागले होते. म्हणजे तारीख नावाचा प्रकार तिथे नाहीच. तुम्ही डेट ऑब्जेक्ट जेसन.स्ट्रिंगिफायला (पार्सच्या उलट, व्हॅल्यूचं जेसन बनवणारं फंक्शन) दिलात की तो त्याची आयएसओ स्ट्रिंग करून टाकतो, आणि पलीकडे पार्स करणाऱ्याला ती स्ट्रिंग मुळात तारीख होती हे कळायला काही मार्गच नसतो. मॅप आणि सेटचं तर त्याहून वाईट, त्यांचे नुसते रिकामे महिरपी कंस उरतात, एरर नाही, वॉर्निंग नाही, डेटा गायब. नॅन ("हा नंबरच नाही" अशी व्हॅल्यू) आणि इन्फिनिटीचं नल होतं. बिगइंट (कितीही मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) आणि फिरून स्वतःकडेच बोट दाखवणारा ऑब्जेक्ट यांना मात्र तो सरळ टाइपएरर देतो, ते बरं वाटतं.

अनडिफाइन्डचं वेगळं सांगायला हवं. ऑब्जेक्टमध्ये एखाद्या फील्डची व्हॅल्यू अनडिफाइन्ड असेल तर स्ट्रिंगिफाय ते फील्डच गाळतो, अ‍ॅरेमध्ये असेल तर त्याच्या जागी नल ठेवतो (अ‍ॅरेत गाळलं तर पुढचे सगळे एक जागा सरकतील ना). आता समजा युजरने फॉर्ममधला एक रकाना रिकामा केला, तुमच्या कोडमध्ये त्याचं अनडिफाइन्ड झालं, तुम्ही पॅच रिक्वेस्ट (बदललेली फील्डच पाठवणारी) मारली, सर्व्हरला ते फील्ड मिळालंच नाही म्हणून त्याने जुनी व्हॅल्यू तशीच ठेवली, युजर म्हणतो मी पुसलं तरी परत येतंय. पुसायचं असेल तर नल पाठवा आणि सर्व्हरवाल्याशी ठरवून घ्या की फील्ड नसणं म्हणजे "हात लावू नको" आणि नल म्हणजे "रिकामं कर".

तुमच्या आयडीचं कारण वेगळं आहे. जेसनच्या स्पेसिफिकेशनमध्ये नंबर किती मोठा असावा याला बंधन नाही, पण जावास्क्रिप्टचा नंबर म्हणजे ६४ बिटचा डबल (अपूर्णांकही मावणारा प्रकार), त्यात पूर्णांक ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच खात्रीने बरोबर राहतात, म्हणजे २ चा ५३ वा घात वजा १. त्याच्या थोडं पुढे गेलात की फक्त सम संख्याच मावतात, ९००७१९९२५४७४०९९३ पार्स करा, शेवटी ३ च्या जागी २ येतो. तुमच्या डेटाबेसचा आयडी ६४ बिटचा पूर्णांक असणार, सर्व्हर तो बरोबर लिहितो, तारेवरून बरोबर येतो, पार्स करताना गोल होतो, म्हणजे मावेल अशा जवळच्या आकड्यावर सरकतो.

हे मी स्वतः भोगलंय. यादीतल्या एका ओळीवर क्लिक केलं की भलत्याच माणसाचा रेकॉर्ड उघडायचा, तेही काही ओळींनाच, आणि मी दोन दिवस डेटाबेसच्या क्वेरीला शिव्या देत बसलो. उशीर का झाला तर मी ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये प्रिव्ह्यू बघत होतो, आणि प्रिव्ह्यू तर पार्स करूनच दाखवतो, म्हणजे तिथेही चुकलेलाच आकडा, साहजिकच मला वाटलं सर्व्हरच चुकीचा पाठवतोय. शेजारच्या रिस्पॉन्स टॅबमध्ये कच्चा मजकूर होता त्यात आयडी बरोबर होता. तेव्हापासून प्रिव्ह्यूवर माझा विश्वास नाही.

उपाय एकच खरा: सर्व्हरनेच आयडी अवतरणचिन्हांत, म्हणजे स्ट्रिंग म्हणून पाठवायचा. आयडीची काही बेरीज-वजाबाकी करायची नसते, तो नंबर असण्याची गरजच काय. ट्विटरलाही २०१० मध्ये हेच करावं लागलं, ६४ बिटचे आयडी आणताना त्यांनी एपीआयमध्ये आयडीच्या शेजारी तोच आयडी स्ट्रिंग म्हणून देणारं वेगळं फील्ड घातलं. जेसन.पार्सच्या दुसऱ्या पॅरामीटरने, म्हणजे रिव्हायव्हरने (प्रत्येक व्हॅल्यूवर चालणारं तुमचं फंक्शन), हे सुधारता येईल असं वाटतं, पण रिव्हायव्हरच्या हातात व्हॅल्यू येते ती गोल झाल्यावर, वेळ गेलेली असते. नव्या ब्राउझरांत रिव्हायव्हरला तिसरा पॅरामीटर मिळतो आणि त्यातून मूळ मजकूर वाचता येतो, पण सगळ्या युजरांकडे तो असेलच असं धरून चालू नका. सर्व्हर तुमच्या हातात नसेल आणि तो बदलायला कोणी तयारच नसेल, तर मात्र मोठे आकडे बिगइंट म्हणून वाचणारी लायब्ररी घ्या, तेवढ्या एका कारणासाठी मी हो म्हणेन.

तारखांना रिव्हायव्हर चालतो. फक्त एक मोह टाळा: जी जी स्ट्रिंग तारखेसारखी दिसते तिची डेट करून टाकायची, असा रेग्युलर एक्स्प्रेशनचा कोड तुम्हाला जागोजागी सापडेल. मग एखाद्या युजरने टायटलच्या रकान्यात नुसती तारीख टाइप केली की त्याचीही डेट होते आणि स्क्रीनवर भलतंच काहीतरी उमटतं. फील्डच्या नावाने करा, अमुक अमुक फील्ड तारखेची आहेत एवढी यादी कोडमध्ये ठेवा, कंटाळवाणं आहे पण फसवत नाही.

आणि वेळ नको नुसती तारीख हवी असेल, जन्मतारीख वगैरे, तर डेट ऑब्जेक्टच्या नादाला लागूच नका. स्थानिक मध्यरात्रीचा डेट बनवून स्ट्रिंगिफाय केलात की तो यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) बदलतो, ग्रिनिचच्या पुढे असलेल्या टाइमझोनमध्ये एक दिवस मागे जातो, १ मार्च २०२४ ला जन्मलेलं बाळ २९ फेब्रुवारीचं होऊन बसतं. उलट "२०२४-०३-०१" एवढीच स्ट्रिंग डेटला दिली तर तो ती यूटीसी समजतो, पण तिच्यापुढे टाइमझोन न देता वेळ जोडली की तीच स्थानिक समजतो. हा नियम कोणाच्या डोक्यातून निघाला देव जाणे, पण आहे तो आहे. वर्ष-महिना-दिवस अशी साधी स्ट्रिंगच इकडून तिकडे फिरवा.

सर्व्हरच्या बाजूला काय आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून दोन्हीचं थोडं थोडं. पीएचपीमध्ये अ‍ॅरे आणि ऑब्जेक्टसाठी एकच रचना, त्यामुळे तुम्ही अ‍ॅरे फिल्टर केला, मधले काही आयटम गेले, नंबरांत खड्डे पडले, की जेसन_एन्कोड त्याचा अ‍ॅरे न करता ऑब्जेक्ट करतो आणि फ्रंटएंडला मॅप() फंक्शनच नाही म्हणून रड. एन्कोड करायच्या आधी अ‍ॅरे_व्हॅल्यूज मारा. पायथनमध्ये नॅन असेल तर त्याचं जेसन मॉड्यूल डिफॉल्टने नॅन असंच लिहून मोकळं होतं, जे वैध जेसन नाही, पायथनच पायथनचं वाचतो म्हणून तिथे चालतं आणि ब्राउझरमध्ये फुटतं. अलाऊ_नॅन फॉल्स करून ठेवा म्हणजे फुटायचं ते तुमच्याकडेच फुटेल. दोन्हीकडे डिफॉल्टने देवनागरी अक्षरांचे \ आणि यू ने सुरू होणारे कोड होतात, ते बघून घाबरू नका, पार्स केलं की अक्षरं परत येतात, फक्त यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं अक्षर ६ बाइटचं होतं एवढाच तोटा.

एक सावधगिरीची गोष्ट, विचारली नाहीत तरी सांगतो. जुन्या काळी जेसन वाचायला लोक इव्हॅल वापरायचे, जुन्या उत्तरांत तो सल्ला अजून सापडतो, तो घेऊ नका, डेटाच्या जागी कोणी कोड पाठवला तर तो चालतो. तसंच सर्व्हरवरून जेसन थेट पानातल्या स्क्रिप्ट टॅगमध्ये छापत असाल तर कुठल्याशा युजरने नावात स्क्रिप्टचा क्लोजिंग टॅग लिहिला की तुमची स्क्रिप्ट तिथेच बंद पडते आणि पुढचं सगळं त्याच्या मर्जीने. तिथे < चा युनिकोड एस्केप करूनच छापा.

तुमच्या जागी मी असतो तर आज पहिलं काम एकच केलं असतं, सगळ्या फाइलींमध्ये विखुरलेले फेच एका फंक्शनमध्ये आणले असते. स्टेटस तिथेच तपासायचा, कंटेंट-टाइप तिथेच, २०४ आला तर तिथूनच नल परत, तारखांची यादी पण तिथेच. आयडीचं मात्र त्या फंक्शनमध्ये जमणार नाही, त्यासाठी सर्व्हरवाल्याशीच बोला, आणि जाताना रिस्पॉन्स टॅबचा स्क्रीनशॉट घेऊन जा, प्रिव्ह्यूचा नको.