कानवाले नट, तांब्याचा हातोडा आणि उलटे आटे

प्रश्न : माझ्या एमजीबीला, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला, स्पोकची चाकं आहेत. चाक धरून ठेवणारा मधला दोन कानांचा नट मेकॅनिक लोखंडी हातोड्यानं ठोकून सोडतो-आवळतो. कानांवरचं क्रोम उडालंय. कोणता हातोडा घ्यावा? (पुणे)

उत्तर : लोखंडी हातोडा आधी गाडीतून बाहेर काढा. नटापेक्षा मऊ धातू हवा: शिसं किंवा तांबं. शिशाचा हातोडा डाग पाडत नाही, पण लवकर चेपतो आणि काम झाल्यावर हात साबणानं धुवावेच लागतात. तांब्याचा जास्त टिकतो. मात्र ठोकून ठोकून तांबं कडक होतं आणि मग तेही क्रोम खरवडतं. अशा वेळी तोंड काढून मंद लाल होईस्तोवर तापवा आणि पाण्यात बुडवा, पुन्हा मऊ होईल. वजन दीड-दोन किलो असावं. हलका हातोडा नुसता उसळतो, मग माणूस चिडून जास्त ठोकतो आणि नेम चुकून घाव स्पोकवर बसतो.

आमची पसंती मात्र लाकडी पान्याला. १८ मिमीच्या प्लायवुडचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवा, नटाचा आकार कागदावर गिरवून तेवढी खाच कापा आणि खाचेला आतून चामडं लावा. दांडा मीटरभर लांब ठेवा. जोर दोन्ही कानांवर सारखा पडतो आणि बेअरिंगला हादरे बसत नाहीत. पण मीटरभर दांड्याच्या टोकावर ४० किलोचा भार म्हणजे नटावर जवळपास ४०० न्यूटन-मीटर. तेव्हा त्यावर उभं राहू नका.

प्रश्न : गाडीचं सगळं काम नव्यानं करून घेतलं. तेव्हापासून पुढचे दोन्ही नट शंभरेक किलोमीटरमध्ये सैल होतात. मागचे घट्ट राहतात. तार बांधून टाकू का? (लेस्टर)

उत्तर : तार नको, आणि तपासणी होईपर्यंत गाडीही बाहेर काढू नका. जोडताना पुढचे हब (चाक ज्यावर बसतं ते मधले भाग) डावे-उजवे अदलाबदल झाले असावेत. तुमच्यासारख्या ब्रिटिश गाड्यांत डाव्या बाजूच्या हबला नेहमीचे आटे असतात, उजव्या बाजूच्या हबला उलटे. नट सोडायची दिशा दोन्हीकडे एकच: गाडी पुढे जाताना चाक फिरतं ती. बऱ्याच नटांवर बाणही कोरलेला असतो.

हे उफराटं वाटतं, पण कारण आहे. नटाच्या आतला शंकू, म्हणजे निमुळता भाग, चाकाच्या मधल्या शंकूपेक्षा किंचित मोठा असतो. फिरत्या दांड्यावर सैल बांगडी अडकवली, तर ती दर फेऱ्याला थोडी मागे पडते, तसाच थोडा ढिला झालेला नटही चाकाच्या मागे राहतो. आटे बरोबर बाजूचे असतील तर हे मागे राहणं म्हणजेच आवळणं. हब उलटे बसले, की तेच मागे राहणं नट सोडवतं. तार तुटेपर्यंत तुम्हाला वाटेल सगळं ठीक आहे.

हब योग्य बाजूंना बसवा. मग स्प्लाइनचे, म्हणजे हब आणि चाक एकमेकांत अडकवणारे, दाते पुसून पाहा. दात्यांच्या कडा सुरीसारख्या धारदार झाल्या असतील किंवा तांबूस भुकटी दिसत असेल, तर झीज झाली आहे. चाकाचे दाते झिजले असतील तर हबही बदला, नाहीतर जुना हब नवं चाक खातो. दाते, आटे आणि शंकूंना ग्रीसचा पातळ हात द्या. नट हातानं सुरू करा. दोन-तीन फेऱ्यांत अडला तर थांबा, कारण इंचाला ८ आणि १२ अशा दोन्ही आट्यांचे नट मिळतात.

सोडताना पहिला झटका चाक जमिनीवर असतानाच द्या. आवळताना मात्र चाक अधांतरी हवं, कारण गाडीच्या वजनानं ते शंकूवर तिरकं बसतं. गाडी घोडीवर (पक्क्या स्टँडवर) ठेवा, नुसत्या जॅकवर नको, आणि ब्रेक कोणाला तरी दाबून धरायला सांगा. ४०-५० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळा.

प्रश्न : माझ्या गाडीच्या नटांना कानच नाहीत, अष्टकोनी आहेत. हे नकली आहेत का? (ठाणे)

उत्तर : नाही. अमेरिकेत १९६८पासून बाहेर आलेल्या कानांना बंदी आली, म्हणून असे नट आले. त्यांना आठ बाजूंचा खास पाना लागतो. हातोडा मारायचा तो पान्याच्या दांड्यावर, नटावर नाही. पाइप पाना लावलात तर कोपरे गोल होतील.